रहाटावरची हाक

एकदा माझं पोटाचं ऑपरेशन होतं. भूल देणारा डॉक्टर सुई हातात धरून माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, “सर, झोपण्याआधी एकदा ते म्हणा ना.” मी म्हटलं, “कप्ताऽऽन, हिला सांग…” आणि तिथेच माझी शुद्ध गेली. सगळं थिएटर इतकं हसलं, की सर्जनच्या हातातली कात्री माझ्या पोटात पडली आणि ती शोधायला मला पुन्हा उसवावं लागलं. कात्रीचं सोडून द्या, ती मी नंतर घातलेली आहे. बाकीचं खरं आहे. ही हाक माझ्या आधी सगळीकडे पोचते. लग्नात, बँकेत, मयताला लोक मला बघतात आणि खांदा देता देता पुटपुटतात, “कप्तान, हिला सांग…” टीव्हीवरची ती मालिका बंद होऊन जमाना झाला, तिच्यात माझं नाव काय होतं ते मलाही आठवावं लागतं, पण हाक जिवंत आहे. ती माझी आहे असं सगळे समजतात, आणि मी आजवर कुणाला दुरुस्त करायला गेलो नाही. ती माझ्या बाची. आमच्यात वडलांना बा म्हणतात आणि आईला आय. आमची घरची बोली जशीच्या तशी लिहिली तर छापणारा हे कागद परत पाठवेल, म्हणून तिच्यात थोडं पाणी घालून लिहितो.

होळी नावाच्या आमच्या नाक्यावरच्या बाजारापासून आमची वाडी हाकेच्या अंतरावर होती. म्हणजे बाच्या हाकेच्या. इतरांच्या हाकेने मोजलं तर बरंच चालावं लागे. बा विहिरीवर खाकरला की नायगावच्या खाडीतले बगळे उडत आणि पाचूबंदरचे कोळी वारा फिरला समजून शिडं सोडत, असं इनासमामा सांगायचा. इनासमामा हा आयेचा भाऊ, आणि माझ्यातली थापा मारण्याची कला त्याच्याच घराण्याची. वाडीत केळी, केळींच्या मधून पानवेली, कडेला वांगी, आणि घराच्या मागच्या दारासमोर विहीर. विहिरीवर लाकडी रहाट. ज्यांनी फक्त पंप पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो: मोठं चाक, चाकावर दोरखंडाची माळ, माळेला ओळीने मडकी. रेडा गोल फिरतो, चाक फिरतं, मडकी रिकामी खाली जातात, भरून वर येतात आणि पन्हळीत ओततात; तिथून पाणी पाटाने केळींकडे. रेड्याच्या डोळ्यांवर झापडं बांधायची, म्हणजे आपण सकाळभर चालून कुठेच पोचलो नाही हे त्याला कळत नाही. पण झापडं बांधलेल्या रेड्याला एक खोड असते. मागे माणूस आहे असं त्याला सतत वाटलं पाहिजे. माणसाला तर पाटाची तोंडं उघडायला, बांध घालायला लांब केळीत जावं लागतं. म्हणून आवाज देत राहायचा. आवाज चालू तोवर रेडा चालू. आवाज थांबला की रेडा थांबला, रेडा थांबला की पाणी थांबलं. शेजारच्या वाडीतला म्हातारा त्यासाठी चर्चची गाणी म्हणायचा. कुणी नुसतं हुर्रहुर्र करायचं. माझा बा बोलायचा.

आणि फक्त तिथेच बोलायचा. घरात बा म्हणजे भिंतीवरची तसबीर. मीठ हवं असलं तर मिठाकडे बघायचा, आणि मीठ आपल्या पायांनी चालत त्याच्या ताटाशी जायचं. म्हणजे आय सरकवायची. संध्याकाळी रोजरीच्या प्रार्थनेला त्याचे ओठ हलत, आवाज आमचा. सगळा साठा तो सकाळी कप्तानासाठी राखून ठेवायचा. कप्तान म्हणजे आमचा रेडा. इतका काळा, की भर उन्हात त्याच्याशेजारी कंदील घेऊन उभं राहावं लागे. बा केळीतून ओरडायचा, आय स्वयंपाकघराच्या दारातून उत्तर द्यायची, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याशी बोलायचं नाही.

“कप्ताऽऽन, काल भाकरी करपली होती रे! मी काय म्हटलं? काही म्हटलं नाही. खाल्ली.”

“कप्तान, त्यांना सांग, ओली लाकडं आणून टाकली की भाकरी करपतेच.”

“कप्तान, लाकडं तिच्या भावाने आणली.”

“कप्तान, माझ्या भावाचं नाव काढलं तर आज कोलंबीचं कालवण नाही म्हणावं.”

थोडा वेळ नुसती चाकाची कुरकुर. मग केळीतून, जरा खालच्या पट्टीत: “कप्तान, तिचा भाऊ तसा भला माणूस आहे.”

त्यांचा सगळा संसार त्या रेड्याच्या कानातून गेला. मला शाळेत कुठे घालायचं, माझ्या बहिणीला, मोनूला, स्थळं कधीपासून बघायची, घरावर कौलं नवी घालायची की यंदा राहू दे, सगळं कप्तानाला विचारून ठरलं. मी आणि मोनू मागच्या पायरीवर बसून तांदळाची भाकरी आणि भाजलेलं सुकट खात ऐकत असू. पाचूबंदरची पारू कोळीण टोपली फाटकाशी उतरवून विचारायची, “आज पेद्रू काय म्हनतो गो?” पेद्रू म्हणजे बा. आणि मग आमच्या घरची बातमी तिच्या बोंबलांबरोबर होळीभर वाटली जायची. हल्ली तरुण पोरं एकट्याने उभं राहून लोकांना हसवतात, त्याला स्टँड-अप म्हणतात, आणि ते नवीन आहे अशी त्यांची समजूत आहे. मला विचारतात, तुमचे गुरू कोण? एक माणूस उभा, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर झापडं, आणि बोलणं थांबलं तर पाणी थांबणार. यापेक्षा वेगळं मी पुढे आयुष्यात काही केलेलं नाही.

त्या सकाळी अंगणात राजेळी केळी सुकत घातली होती. सुकेळी करताना सोललेल्या केळ्यांवर माश्या बसू द्यायच्या नसतात, म्हणून मी आणि मोनू हातात एकेक डहाळी घेऊन वारत होतो. आय आत भाकऱ्या थापत होती. बा पार टोकाच्या केळीत होता, दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. पानांच्या भावाबद्दल काहीतरी चाललं होतं. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, “कप्ताऽऽन, हिला सांग…”

रहाट थोडा फिरला आणि उभा राहिला. आय पिठाच्या हाताने दारात आली. “कप्तान, काय सांग म्हणतात?” भरलेली मडकी हवेत लटकत होती आणि त्यांतलं पाणी ठिबकून पुन्हा विहिरीत पडत होतं. आय हसली. “कप्तान, विसरले वाटतं.” मडकी ठिबकत राहिली. मग आय पळाली. बा पाटाच्या बांधावर उताणा पडला होता, आभाळ भरून येतंय का बघायला आडवा व्हावा तसा, आणि पाटाचं उरलेलं पाणी त्याच्या कानांना वळसा घालून केळीकडे चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. फादर म्हणाले, देवाची इच्छा. आय दफनाच्या दिवशी भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला एकच सांगत होती, “काहीतरी सांगायचं होतं त्यांना.”

मग कप्तान फिरेना. इनासमामाने हुर्र केलं, हाका मारल्या, ओव्या म्हटल्या, शेवटी शिव्या दिल्या. शेजारच्या म्हाताऱ्याला चर्चच्या गाण्यांसकट आणलं. कप्तान झापडं बांधून उभा. कान तेवढे मागे वळवलेले, टोकाच्या केळीकडे. केळीची पानं कडेने पिवळी पडू लागली, पानवेली माना टाकू लागल्या, आणि घरात खाणारी तोंडं तीच. मी तेव्हा शाळा संपवून बसलेला, गावभर नकला करत हिंडणारा पोर. फादरची नक्कल, तलाठ्याची नक्कल, दोन कोंबड्यांच्या भांडणाची नक्कल. बाची मात्र मी कधी केली नव्हती. एका सकाळी माझ्याच्याने ती पानं बघवेनात. मी टोकाच्या केळीत गेलो, जिथून दिसत नाही तिथे, आणि तोंड उघडलं. “कप्ताऽऽन, चल रे माझ्या राजा.”

आवाज बाहेर पडला आणि माझ्याच मानेवर काटा आला. माझ्या गळ्यात तो मावण्यासारखा नव्हता. पण लाकूड कुरकुरलं, चाक हललं, आणि पाटातून पाणी माझ्या पायांशी आलं. फाटकाशी पारू होती. तिने टोपली टाकली, बोंबील चारी दिशांना गेले, आणि ती पळत होळीच्या नाक्यावर पोचली ते थेट “पेद्रू परत आला! पानी काढतो!” असं ओरडतच. त्या दिवशी आमच्या घरी इतकी माणसं आली, की दफनालाही तेवढी नव्हती. आय मात्र दारात उलथनं घेऊन उभी. मला वाटलं, आता ते माझ्या डोक्यात बसणार. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. कप्तानाकडे बघून हळूच म्हणाली, “कप्तान, त्यांना सांग, भाकऱ्या झाल्यात.”

तिथून ते सुरू झालं. रोज सकाळी मी केळीत जायचो आणि बा बोलायचा. आधी मी जुनंच बोलायचो, ऐकलेलं. ते संपल्यावर तोंडाला येईल ते. आय दारातून उत्तरं द्यायची, ‘त्यांना’ आणि ‘म्हणावं’ लावून, आणि मी घरात आलो की मला ‘रुजार’ म्हणून हाक मारणं तिने हळूहळू सोडून दिलं. जेवताना मी मिठाकडे बघितलं तर मीठ सरकू लागलं. कन्फेशनला गुडघे टेकले तर जाळीपलीकडून फादर म्हणाले, “पेद्रू?” एकदा मी केळीत वाकून पाटाचं तोंड मोकळं करत होतो आणि तोंडातून गेलं, “कप्तान, आठवतं का रे, नायगावच्या खाडीत होडीतून उतरताना हिची चप्पल चिखलात गेली? माझी दिली हिला. घरापर्यंत अनवाणी आलो, बोललो का?” आत काहीतरी जोरात पडलं. आय बाहेर आली, रंग उडालेला. “हे तुला कुणी सांगितलं?” कुणी सांगितलं नव्हतं. हे वाचताना तुम्ही म्हणाल, याने कात्रीसारखं हेही घातलं. म्हणा. मीही स्वतःला कितीदा तसंच म्हणून पाहिलं आहे.

इनासमामाला हे पटत नव्हतं. तो आयेला म्हणाला, “बाय, पंप घे. बटण दाबलं की पाणी.”

“पंप बोलतो का?”

“पंप कशाला बोलेल?”

“मग नको.”

मामा मला बाजूला घेऊन म्हणाला, “पोरा, तू इथून हललास तर वाडी सुकेल, आणि नाही हललास तर तू.” मला हलायचं होतं. मुंबईत ऑर्केस्ट्रामध्ये दोन गाण्यांच्या मध्ये नकला करणाऱ्यांना बोलावतात असं मी ऐकलं होतं. पण ज्या दिवशी मी जाईन त्या दिवशी बा दुसऱ्यांदा मरणार, आणि या वेळी मारणारा मी, हे मला आणि आयेला दोघांनाही न बोलता माहीत होतं.

मग मोनूचं लग्न ठरलं. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणायचं, त्याला आमच्याकडे उंबराचं पाणी म्हणतात. पुढे बँड, मागे छत्रीखाली नवरी, लाल लुगड्यांतल्या गाणाऱ्या बायका, त्यांच्या डोक्यांवर कळश्या. सगळी वरात आमच्या मागच्या दारी आली. बँडमास्तर मुंबईला ऑर्केस्ट्रा चालवायचा, मोठ्या मिशांचा, तुतारी फुंकताना त्याचे गाल छोट्या कलिंगडाएवढे व्हायचे. पाण्यासाठी रहाट फिरायला हवा, म्हणजे बा बोलायला हवा. पण आज केळीत लपून चालण्यासारखं नव्हतं. मी सगळ्यांसमोर, विहिरीच्या कट्ट्यावर उभा राहिलो.

“कप्ताऽऽन, आज पोरगी चालली रे! जावई बघितलास? तुझ्यापेक्षा गोरा आहे, एवढंच!”

वाडी हसली. कप्तान चालू लागला, मडकी वर आली, कळश्या भरू लागल्या.

“कप्तान, जावयाला सांग, हिच्या हातची भाकरी करपली तर काय करायचं? काही म्हणायचं नाही. खायची!”

असं हसू मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. दोनचार टवाळ पोरांचं नव्हे, अख्ख्या पाड्याचं, म्हाताऱ्यांचं, बायकांचं. मास्तरने तर तुतारी काढून डोळे पुसले. ताडी चढावी तसं ते मला चढलं. मी एक पाय पुढे टाकला, हात वर केला, आणि म्हणालो, “कप्ताऽऽन, हिला सांग…” आणि थांबलो. कुठे थांबलं की लोक पुढे झुकतात ते मला त्या क्षणी कळलं. लोक झुकले. माझा आवाज थांबला म्हणून कप्तान थांबला. मडक्यांतलं पाणी ठिबकू लागलं.

आयेने डोक्यावरची कळशी खाली ठेवली. “कप्तान, त्यांना म्हणावं, अर्धं सोडून गेलात. आता सांगा.”

काहीजण हसले, त्यांना वाटलं हे ठरलेलं आहे. मग त्यांनी आयेचा चेहरा बघितला. छत्रीखाली मोनूने तोंडावर हात ठेवला. आय माझ्याकडे बघत नव्हती, नेहमीसारखी रेड्याकडेच बघत होती, आणि वाट बघत होती. मी आत शोधलं. रोज तोंड उघडलं की बा तयार असायचा, चप्पल माहीत असलेला, सगळं माहीत असलेला. त्या दिवशी आत कुणी नव्हतं. नुसता आवाज होता, घर सोडून गेलेल्या माणसाच्या खुंटीवरच्या सदऱ्यासारखा. समोर सगळा पाडा माना उंचावून उभा. मी म्हणालो, “हिला सांग, कालवणात मीठ जास्त झालंय!”

हशा असा फुटला, की केळीतले पक्षी उडाले. आय हसली नाही. ती कट्ट्याला वळसा घालून कप्तानाजवळ गेली आणि तिने त्याची झापडं सोडली. रेडा रहाटाला जुंपलेला असताना असं कुणी करत नाही. रेड्याने डोळे मिचकावले. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, आवाज जिथून येत होता तिथे. मग माझ्यावरून त्याची नजर पुढे गेली, आणि मान लांब करून तो टोकाच्या केळीकडे बघत राहिला. हसू आपोआप विझलं.

“रुजार,” आय म्हणाली. कितीतरी महिन्यांनी माझं नाव ऐकून मी दचकलो. “हे तुझं आहे. त्यांचं नाही. ते कुणाला हसवायला बोलत नव्हते.” मग भावाकडे वळली. “इनास, लग्न उरकलं की पंप आण.” आणि बँडमास्तरकडे: “मास्तर, याला घेऊन जा मुंबईला. पण जेवून जा. कुणी उपाशी जाऊ नका.” राहिलेल्या कळश्या बायकांनी दोर टाकून हातांनी भरल्या, आणि बँड पुन्हा वाजू लागला, पण जरा हळू.

मुंबईत मी आधी माझ्या स्वतःच्या आवाजात लोकांना हसवायला गेलो. पहिल्या वर्षी एकच माणूस हसला, आणि तो बहिरा निघाला. बा मला बोलावावा लागला. स्टेजवर दिवे डोळ्यांत मारले की समोरचं काही दिसत नाही, झापडंच ती, आणि मग ती हाक यायची आणि अंधारातून हसू यायचं. पुढे टीव्हीवर मालिका मिळाली. बायकोला घाबरणारा कारकून, तो तिच्याशी बोलण्याऐवजी घरातल्या जुन्या टेबलफॅनशी बोलतो, आणि तो बोलायचा थांबला की पंखाही थांबतो. पंख्याचं नाव कप्तान. लेखकाला आजही वाटतं की ही कल्पना त्याची. प्रत्येक भागाच्या शेवटी मी म्हणायचो, “कप्तान, हिला सांग…”, पंखा गरगरत थांबायचा, आणि नावांच्या पाट्या सुरू. मुलूखभर पैजा लागल्या, काय सांगणार म्हणून. मुलं शाळेत एकमेकांना विचारायची. मी शूटिंगला थांबलो की लोकांना हसू ऐकू यायचं, मला ठिबकणारं पाणी. घरी बायको म्हणते, तू झोपेपर्यंत बडबडतोस. काय करू, मी गप्प झालो की कुठेतरी काहीतरी उभं राहतं.

शेवटच्या भागात लेखकाने वाक्य पुरं केलं होतं. चांगलं होतं, गोड होतं, बायकोवर प्रेम आहे वगैरे. मी कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो, “कप्तान, हिला सांग…” म्हणालो, पंखा थांबला, आणि मी पुढे काही बोललोच नाही. दिग्दर्शक वाट बघत राहिला, सगळे वाट बघत राहिले, आणि शेवटी तसंच ठेवलं. वर्तमानपत्रांनी त्याला धाडस म्हटलं.

पुढच्या रविवारी मी घरी गेलो. कप्तान जाऊन काळ लोटला होता. विहिरीवर स्लॅब घातला होता, त्यावर पंप, त्याच्या कडेला आयेने लावलेली तुळशीएवढी मिरचीची रोपं. नालासोपाऱ्याकडून इमारती वाढत येताना आमच्या केळींवरून दिसू लागल्या होत्या. आय मागच्या पायरीवर बसून वाल सोलत होती. मी शेजारी बसलो. 

“बघितलं मोनूकडे,” ती म्हणाली. “शेवटचं.”

“मग?”

“बरं केलंस, सांगितलं नाहीस. ते माझ्यासाठी होतं.”

तिने वालांचं ताट उचललं आणि आत गेली. मी पायरीवरच बसून राहिलो, स्लॅबकडे बघत. आत चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज झाला, आणि मग तिचा, दाराकडे तोंड करून, बाहेर वाडीत पोचेल इतका:

“कप्तान, त्यांना सांग, पोरगा आलाय. जेवायला थांबणार आहे.”

टोकाच्या केळीत पानं हलली. माझं तोंड सवयीने उघडलं, आणि मी ते मिटलं. उत्तर द्यायची पाळी माझी नव्हती.